चोपन्न भोकांचा बर्नर

"येताना भद्रकालीतून एक बर्नर घेऊन या," असं बायको म्हणाली, तर शहाणा नवरा "बरं" म्हणतो. येताना विसरतो, दुसऱ्या दिवशी बोलणी खातो, तिसऱ्या दिवशी आणतो आणि विषय संपतो. संसार असाच चालतो आणि असाच चालावा. मी मात्र चहाचा घोट घेऊन म्हणालो, "विकत कशाला? करून आणतो!"

या चार शब्दांपायी पुढचे आठ दिवस सातपूरचा एक कारखाना, भद्रकालीच्या बाजारातली एक बाई आणि कळवणला दिलेली माझी सख्खी बहीण एवढी मंडळी कामाला लागली. शेवटी माझं जे व्हायचं ते झालंच. ते आत्ताच सांगत नाही, नाहीतर तुम्ही पुढचं वाचणार नाही.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. आमच्या कारखान्याला नुकतंच आयएसओचं सर्टिफिकेट मिळालं होतं आणि मी तिथे क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या वस्तूत खोड काढायची आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. (मालिनीच्या मते स्वभाव आधी होता, नोकरी नंतर लागली.) चांगल्या मालाला हिरवा टॅग, वाईटाला लाल. सर्टिफिकेट आलं त्या आठवड्यात मी इतका भारावलो होतो की थोडे टॅग घरीही आणले. तूरडाळीच्या डब्याला हिरवा लावला, शेजाऱ्यांनी दिलेल्या लोणच्याला लाल. तिसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर दाढी करताना पाहिलं, तर माझ्याच बनियनला मागून लाल टॅग लटकत होता. तेव्हा मी मोहीम आवरती घेतली.

तर, बर्नर. आमच्या सिडकोतल्या घरातली गॅसची शेगडी आईची. गॅसचं कनेक्शन मिळणं म्हणजे लग्न जमण्यासारखं होतं, त्या काळात तिने ती घेतलेली. दणकट, पितळी बर्नरची. तिच्यातला मोठा बर्नर आता पार झिजला होता. पेटवला की उजवीकडे वीतभर जीभ काढायचा आणि डावीकडे नुसती निळसर हजेरी लावायचा, सरकारी कचेरीत दुपारी असते तशी.

या असल्या जाळावर मालिनी दोन वर्षं स्वयंपाक करत होती, हे मला इथे नमूद केलंच पाहिजे. तवा टाकला की ती तो सारखा फिरवायची. एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात उलथनं, तोंडाने पोरीचे पाढे. पण रोजच्या पोळ्यांचं ठीक. पुरणाची पोळी जड, नाजूक, पोटुशी. ती फिरवाफिरवीत फुटते, आणि न फिरवावी तर एका कडेला काळपट-तांबूस चंद्रकोर उमटते.

"आणि आखाजीला आशाताई येणारेत," मालिनी म्हणाली.

आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया. त्या दिवशी पितरांची घागर भरायची, आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा, आणि सासरी दिलेल्या लेकी माहेरी यायच्या. आई जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. गेल्या आखाजीला वर्षाच्या आतलं म्हणून घरात गोडधोड केलं नव्हतं. त्यामुळे आई गेल्यावर आशाची ही पहिलीच खरी आखाजी. शेजाऱ्यांच्या फोनवर तिचा फोन आला होता, "वहिनी, आईच्या हातची पोळी आता तुझ्याच हातात गं."

मालिनीने फोन ठेवला आणि घरी येऊन बराच वेळ त्या शेगडीकडे बघत उभी राहिली.

"अगं, एका बाजूला करपली तर करपली," मी म्हणालो. "आईच्या वेळीही करपायचीच की."

"आईंच्या हाताला नावं ठेवायची कोणाची टाप होती? माझ्या हाताला ठेवायला अख्खं कळवण मोकळं आहे." मग जरा थांबून हळू आवाजात म्हणाली, "नावांचं नाही हो. पहिल्याच खेपेला माहेर परकं वाटलं, तर त्या पुढच्या वर्षी येतील, पण पाहुण्यासारख्या येतील. मला ते नकोय. म्हणून सांगते, येताना एक बर्नर घेऊन या."

एवढं सगळं ऐकूनही मी ते चार शब्द उच्चारले. का, ते अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बर्नर वर्तमानपत्रात गुंडाळून कारखान्याच्या गेटवर गेलो. गेटवर गोरक्ष नावाचा वॉचमन. त्याने पुडकं उघडलं.

"साहेब, हे कंपनीचं का घरचं?"

"घरचं."

"मग आत कशाला नेता? लोक आतून बाहेर नेतात."

त्याच्या पंधरा वर्षांच्या नोकरीत उलट्या दिशेचा हा पहिलाच प्रसंग. त्याच्या रजिस्टरात त्याला रकानाच नव्हता. शेवटी त्याने 'पाहुणे' या रकान्यात लिहिलं, "पितळी नग एक, काळा. भेटण्याचे कारण : खाजगी."

मग मी कामाला लागलो. व्हर्निअर, मायक्रोमीटर, पिन गेज, सगळा सरंजाम मांडला. आमच्याकडे मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे ढोबळ माप समजतात. त्या बर्नरची उंची मी आठ ठिकाणी मोजली, घेर बारा ठिकाणी. कडेच्या भोकांपैकी एकेका भोकात गेजची पिन घालून प्रत्येकाचं माप टिपलं. एकूण एकोणपन्नास भोकं. मध्ये एकतिसाव्या भोकाला कँटीनचा चहा आला, तेवढाच काय तो खंड. सगळं मोठ्या जाड कागदावर उतरवलं. तिन्ही बाजूंनी चित्रं, कापून आतलं दाखवलेलं चित्र, ड्रॉइंग नंबर, तारीख. एका काळ्या बर्नरचा इतका मान आजवर कोणी ठेवला नसेल. (आई असती तर तिने तो चिंचेने घासून मला परत केला असता.)

रीतसर चिठ्ठी फाडून भंगारातला पितळेचा एक तुकडा विकत घेतला आणि देवरामकडे गेलो.

देवराम आमचा टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारा. इगतपुरीकडचा. तिकडे पाऊस धो धो पडतो, पण देवराम बोलतो थेंबाथेंबाने. मात्र लेथवर उभा राहिला की आम्ही इन्स्पेक्टर लोक गप्प बसतो. लोखंडाला तो नुसता हात लावून "गरम झालंय, आत्ता मोजू नका, खोटं बोलंल" असं सांगतो, आणि ते खरोखर खोटं बोलतं. त्याच्या कामाला लाल टॅग लावायची संधी मला अकरा वर्षांत मिळाली नव्हती.

त्याने जुना बर्नर हातात घेतला. फिरवला. अंगठ्याने कडेवरून चाचपला.

"साहेब, हे असंच करायचं?"

"असंच."

"झिजल्यासकट?"

"देवराम, जुन्याच्या जागी बसायचं तर जुन्यासारखंच हवं ना? ड्रॉइंगच्या बाहेर केसभर जायचं नाही. आयएसओ आहे आता."

"नाय, मी आपलं इचारलं."

"विचारलंस ते चांगलं केलंस."

"मग झालं," देवराम म्हणाला, आणि माझं ड्रॉइंग घडी घालून बाजूला ठेवलं.

जेवणाच्या सुट्टीत, रोज थोडं थोडं, चार दिवस तो त्यावर काम करत होता. पाचव्या दिवशी त्याने फडक्यातून ती वस्तू काढून माझ्या टेबलावर ठेवली, आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. सोन्यासारखं पितळ. पण कौतुक चकाकीचं नाही. जुन्या बर्नरला उजवीकडे जिथे पोचा होता, तिथे नव्यालाही पोचा. जिथे काठ झिजून पातळ झालेला, तिथे तोही तितकाच पातळ. उजवीकडची भोकं मोठी, वेडीवाकडी, डावीकडे जाता जाता बारीक होत गेलेली. एकसारखं भोक पाडणं कोणालाही जमेल. प्रत्येक भोक वेगळं पाडणं, आणि तेही शेजारच्या काळ्या बर्नरवर आहे तसंच, हे काम फक्त ब्रह्मदेवाचं किंवा देवरामचं.

अख्खं खातं गोळा झालं. खुद्द मॅनेजरसाहेब आले. त्यांनी तो बर्नर उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला.

"हे बसवणार कुठे?"

"आमच्या शेगडीवर, सर."

"शेगडीवर? अहो, फ्रेम करा."

मी ड्रॉइंगची नक्कल समोर ठेवून रिपोर्ट लिहिला : 'उंची ओके. घेर ओके. भोकं एकोणपन्नास, ओके.' खाली झोकात सही ठोकली आणि बर्नरला हिरवा टॅग बांधला.

आखाजी दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी घरी आलो तेव्हा पुरणाची डाळ भिजत होती, आंबे परातीत मांडले होते आणि मालिनी छोट्या बर्नरवर कसाबसा स्वयंपाक रेटत होती. मी पुडकं उघडलं.

"अगं बाई!" ती म्हणाली. मालिनी माझ्या कोणत्याही वस्तूला "अगं बाई" म्हणाल्याची ही पहिलीच वेळ. "कसला सुरेख झालाय! हे देवरामभाऊंनी केलं?"

"ड्रॉइंग माझं आहे," मी नम्रपणे म्हणालो.

बर्नर बसवला. बसला म्हणजे काय, जन्मापासून तिथेच असल्यासारखा बसला. काडी ओढली. भस्स!

उजवीकडे वीतभर जीभ. डावीकडे निळसर हजेरी.

मी गॅस बंद करून पुन्हा पेटवला, पुन्हा तेच.

"नवा आहे ना?" मालिनीने विचारलं.

"नवा आहे."

"मग जुन्यासारखा कसा जळतो?"

"जुन्यासारखा म्हणजे? तंतोतंत जुन्यासारखा आहे! मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जुन्यासारखा…"

वाक्य संपेपर्यंत माझं मलाच ऐकू आलं.

मालिनी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने गॅस बंद केला, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही आठ दिवस बसून, एवढी माणसं राबवून, बिघाडाची नक्कल करून आणलीत."

"अगदी हुबेहूब," मी म्हणालो. (जीभ! आमच्या घरात एकट्या बर्नरलाच आहे असं नाही.)

"भद्रकालीत जा," ती म्हणाली. "आत्ता. चप्पल घाला आणि जा."

दोन्ही बर्नर पिशवीत टाकून मी सिटी बस पकडली. भद्रकालीत एका बोळाच्या तोंडाशी कुसाबाई बसते, हे मालिनीने सांगितलं होतं. पुढ्यात गोणपाट, त्यावर बर्नरांचा ढीग, नॉब, नळ्या, पिना. साठीची, काटक बाई, पेठ तालुक्याच्या बाजूची. कपाळावर आडवं गोंदण. तिने दोन्ही बर्नर दोन हातांत घेतले आणि एकदम हसली.

"यातला जुना कंचा?"

"काळा तो जुना."

"काळा-गोरा सोडा. रंग काढला त ह्ये जुळे हाईत." तिने देवरामचा बर्नर डोळ्यांजवळ नेला. "कुनी केला ह्यो?"

"आमच्या कंपनीत एक देवराम म्हणून…"

"त्याचं हात धुऊन प्यावं, असा कारागीर हाय. पन त्याला सांगनारा कोन व्हता?"

मी पलीकडच्या उसाच्या गुऱ्हाळाकडे बघितलं.

कुसाबाईने मग जुना बर्नर घेतला आणि अंगठा फिरवत, डोळे किलकिले करून, वाचल्यासारखं बोलायला लागली, "चोपन भोकं हाईत." (एकोणपन्नास होती. पण बाई माणूस, वयस्कर, मी सभ्यपणे दुरुस्ती केली नाही.) "ही बगा, हिथून मोठी सुरू झाल्यात. साफ करनारी बाई उजव्या हाताची. रोज टाचनी घिऊन एकाच भोकापून सुरू करायची. हिथवर नीट करायची, हिथवर. पुढं टाचनी लागलीच नाय. वीस वरीस नाय लागली."

"का?"

"निम्म्यात आली की रोज कुनीतरी हाक मारत आसंल. बाई उठायची. मंग ऱ्हायलं ते ऱ्हायलं."

'आई, माझा डबा!' ही हाक वीस वर्षं, रोज सकाळी, कोणत्या माणसाने मारली होती हे मला माहीत होतं. तो माणूस तिथेच पिशवी धरून उभा होता.

"बाईनं नाय बिघडवला," कुसाबाईने निकाल दिला. "हाक मारनाऱ्यानं बिघडवला."

तिने ढिगातून एक नवा बर्नर उचलला. तळहात तोंडाजवळ नेऊन ओला केला, बर्नर खालून ओठांना लावून फुंकला आणि ओला तळहात काठाभोवती धरला. प्रत्येक भोकातून येणारा वारा तिला हातावर समजत होता. "नाय," म्हणून तो टाकला. दुसरा, "नाय." तिसरा, "ह्यो एका जागी मुका हाय." चौथ्याला तिचा चेहरा उजळला. "ह्यो घ्या. सारखा बोलतो."

हे काम करायला आमच्या कारखान्यात एक परदेशी यंत्र आहे. त्याला एसी खोली लागते आणि दर सहा महिन्यांनी मुंबईहून माणूस येऊन त्याची विचारपूस करतो. कुसाबाईला गोणपाट पुरतं.

नवा बर्नर आमच्या शेगडीवर असा पेटला की मालिनीने दिवा मालवून पाहिला. निळं, गोल, शांत फूल. कुठे जीभ नाही, कुठे गैरहजेरी नाही. ती माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. मी देवरामचा बर्नर, हिरव्या टॅगसकट, दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात मला कंपनीत मिळालेल्या 'झिरो डिफेक्ट' ढालीशेजारी ठेवून दिला. वाया गेलेल्या वस्तू आमच्याकडे तिथेच असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आशा आली. दारातच तिचं लक्ष आईच्या फोटोकडे गेलं, तिने नजर वळवली आणि पिशवीतून कळवणच्या शेंगदाण्यांची पुडी काढण्यात उगाचच खूप वेळ लावला. मालिनीने घागर पुजली, त्यावर खरबूज ठेवलं, पहिली पोळी नैवेद्याची काढली. काय पोळी होती! पौर्णिमेचा चंद्र तव्यावर उतरावा आणि त्याने वर तूप लावून घ्यावं, तशी. एकसारखी बदामी, कुठे डाग म्हणून नाही. मी इन्स्पेक्टर आहे म्हणून सांगतो, हिरवा टॅग.

आशा पाटावर बसली. आमरसाची वाटी, वर तूप. तिने पोळीचा तुकडा मोडला, खाल्ला.

"छान झालीये गं, वहिनी. मऊ. अगदी हॉटेलात मिळते तशी."

मालिनीच्या हातातलं उलथनं थांबलं. बायकांच्या भाषेत याचा अर्थ काय होतो हे मलाही कळलं, म्हणजे बघा.

आशा पोळी ताटातल्या ताटात हळूहळू फिरवत होती. तव्यावर मालिनी फिरवायची तशी.

"काय शोधताय, आशाताई?"

"काही नाही गं. खुळेपणा." आशा हसली. "आई माझ्या पोळीची एक कड जरा खरपूस ठेवायची. करपली नाही, करपता करपता राहिली, अशी. मी ती आधी तोडायचे आणि रसात बुडवायचे. दर आखाजीला. मी कधी सांगितलं नव्हतं तिला, पण तिला कळायचं. मुद्दाम ठेवायची माझ्यासाठी." आणि घाईने म्हणाली, "पण ही छानच आहे हं. खरंच."

आता मी सत्यप्रिय माणूस. मी घसा साफ केला. "अगं आशा, ती काही मुद्दाम वगैरे नव्हती. त्याचं कारण असं, की त्या बर्नरची उजवीकडची भोकं…"

"अहो!" आतून हाक आली. "जरा इकडे या. आत्ता."

स्वयंपाकघरात मालिनीने दार लोटून घेतलं. "एक अक्षर बोललात तर बघा," ती कुजबुजली. "तुमचा तो बर्नर आणा."

"कुठला?"

"बिघाडाची नक्कल!"

कपाटातून बर्नर आणला. तिने गॅस बंद केला, सांडशीने कुसाबाईचं निळं फूल उतरवून ठेवलं आणि देवरामचा बर्नर चढवला. पेटवला. भस्स! जीभ उजवीकडे बाहेर. तिने नवी पोळी टाकली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच तवा फिरवला नाही. हात पाठीमागे बांधून उभी राहिली. फिरवायची सवय इतकी की हात आपोआप पुढे यायचा आणि ती तो मागे ओढायची. ती तिथे उभी होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. आठ दिवस ज्या डागाच्या धास्तीने तिला झोप नव्हती, तो डाग ती आता जपून, नजरेने मोजून पिकवत होती. पाच मोजले, सहा मोजले, उचलली.

एका कडेला तांबूस चंद्रकोर. करपली नाही. करपता करपता राहिलेली.

ती पोळी ताटात पडली आणि आशाचा हात थांबला. तिने ती कड तोडली, रसात बुडवली, तोंडात घातली. मग पदर डोळ्यांना लावला आणि तशीच, पदरातल्या पदरात, दुसरा तुकडा खाल्ला.

"कोणी सांगितलं गं तुला?"

"आईंनीच सांगून ठेवलं होतं," मालिनी म्हणाली. "आशाची कड विसरू नकोस म्हणाल्या."

इतकं सफाईदार, एकाही भोकातून गळती नसलेलं खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी त्या बाईकडे बघतच राहिलो. तिच्याशी माझं लग्न झालं आहे, हे काही वेळ मला खरंच वाटेना.

आशाने पाच पोळ्या खाल्ल्या, आणि निघताना पुढच्या आखाजीला किती दिवस राहणार हे आम्हाला न विचारता परस्पर ठरवून टाकलं. जाता जाता तिची नजर ओट्यावर गेली. "अय्या, हा बर्नर किती सुंदर आहे! सोन्याचा वाटतोय. कोणी केला?"

"यांच्या कंपनीतल्या देवरामभाऊंनी."

"आणि दादाने काय केलं?"

"त्यांनी?" मालिनी जरा विचारात पडली. "त्यांनी सही केली."

तेवढं तर तेवढं. पण सही काही कमी नसते! दुसऱ्या दिवशी छाती काढून मी देवरामच्या लेथपाशी गेलो. पितळी डब्यात मालिनीने त्याच्यासाठी चार पोळ्या दिल्या होत्या, चारही चंद्रकोरीच्या. त्याला सगळी हकीकत सांगितली. आशा रडली तेही सांगितलं. आणि शेवटी मोठ्या मनाने म्हणालो, "देवराम, हात तुझा, हे मान्य. पण हे सगळं झालं ते नक्कल तंतोतंत होती म्हणून. मोजमाप अचूक होतं म्हणून. ड्रॉइंगचं महत्त्व तुला पटलं की नाही?"

देवरामने पोळीची कड तोडली, सावकाश चावली, गिळली.

"साहेब, रागवू नका. ड्रॉइंग मी उघडलं व्हतं. पन तुमच्या ड्रॉइंगात भोकं एकोनपन्नास. बर्नरला चोपन."

मला एकतिसावं भोक आठवलं. कँटीनचा चहा आठवला. भद्रकालीतली ती 'वयस्कर बाई माणूस' आठवली.

"मंग मी जुनाच म्होरं ठेवून केला," तो म्हणाला. "तुमी एकोनपन्नास ओके लिहिलं, तवा म्हनलं, आता कशाला बोला. आयएसओ हाय."

"आणि ड्रॉइंग?"

"हाय ना. कागद चांगला जाड व्हता." त्याने आपल्या जेवणाच्या डब्याखालून घडी ओढून काढली आणि अदबीने माझ्या हातात दिली.

मी ती उलगडली. तिन्ही बाजूंनी चित्रं, तारीख, माझं नाव. आणि मधोमध, आठ दिवस ठेवलेल्या डब्याच्या बुडाचं तेलकट वर्तुळ. सवयीने खिशातला व्हर्निअर काढून मी ते चार ठिकाणी मोजलं. त्या अख्ख्या कागदावर तेवढंच एक मापात होतं.